कपाटातून उडालेला काजवा

१

पेटी कपाटात जागच्या जागी होती. भोवतीची निळी फीत होती, फितीला सुबक फुलगाठ होती. झाकण उचललं तर आत पांढरा पातळ कागद, घड्या घालून नीट ठेवलेला. त्या कागदात जे असायला हवं होतं, तेवढंच नव्हतं.

"कोमाद्रे," सुनिल्दा दबक्या आवाजात म्हणाली, "काजवा उडाला."

निमिया ओवेलारच्या कडेवर सात महिन्यांचा तादेओ होता. त्याने फितीचं टोक पकडून तोंडात घातलं. एरवी धूळ लागलेल्या चमच्यावरून घर डोक्यावर घेणाऱ्या निमियाने ते त्याला चघळू दिलं, यावरून काय ते समजावं.

इताउग्वा गावच्या चौकात 'ओवेलार आणि कन्या' ही वकिलांची कचेरी. पाटीवर लिहिलं आहे: कंपन्यांची नोंदणी, करार, कामगारांचे तंटे, जमिनीचे व्यवहार, वारसा, घटस्फोट. पाटीवर न लिहिलेलं काम त्याहून जास्त. कुणाची गाय कुणाच्या मंदिओकाच्या शेतात शिरली, कुणाचा जावई सासऱ्याची मोटारसायकल परत देत नाही, वीटभट्टीवाल्याला बँकेच्या पत्राचा अर्थ लागत नाही. सगळे इथेच येतात, आधी गारेगार तेरेरे पितात आणि मग रडतात.

सुनिल्दा या कचेरीची जुनी चिटणीस. पूर्वी ती निमियाला 'दोक्तोरा' म्हणायची. त्या देशात वकिलालाही दोक्तोर म्हणतात. पण तादेओच्या बाप्तिस्म्याला ती त्याची धर्ममाता झाली, बाळाच्या डोक्यावर पाणी पडलं, आणि त्या क्षणापासून त्या दोघी, आई आणि धर्ममाता, एकमेकींच्या 'कोमाद्रे' झाल्या; बाळाच्या बापाला 'कोंपाद्रे' म्हणतात. भर कोर्टातसुद्धा.

आणि काजवा? तो दोन्या ब्लासिदाचा, म्हणजे ब्लासिदाबाईंचा. या गावच्या बायका चौकटीवर कापड ताणून कोळ्याच्या जाळ्यासारखी न्यांदुती विणतात. ब्लासिदाआजीच्या आईने त्यात आपली एक नक्षी काढली होती. मध्ये दाट ठिपका, भोवती विरत जाणारे धागे, नाव काजवा. राजधानीतल्या एका कंपनीने ती नक्षी आपल्या नावावर नोंदवली, कोर्टातून मनाई हुकूम आणला, आणि ब्लासिदाआजीच्या गल्लीत काजवा विणायलाच बंदी आली. गल्लीतल्या बायकांच्या चौकटी भिंतीला टेकून पडल्या.

आजीकडे पुरावा एकच होता. आईने विणलेलं ते कापड. साठ वर्षं गल्लीतल्या प्रत्येक बाळाचा बाप्तिस्मा त्याच कापडाखाली झालेला. फोटो कोर्टाने नाकारले होते. मूळ कापड टेबलावर ठेवा, तज्ज्ञ बाई सुताचं वय सांगतील, असा हुकूम होता. तारीख उद्याची, आणि ती शेवटची. कापड नाही तर बंदी कायमची.

शुक्रवारी पेटी आत ठेवून लावलेलं कपाटाचं कुलूप निमियाने पाहिलं. फुटलेलं नव्हतं, ओरखडाही नव्हता. किल्ल्या चार. एक तिच्या स्वतःच्या गळ्यात. उरलेल्या तीन तिने स्वतःच्या हाताने वाटलेल्या, आणि तिन्ही अशा माणसांना की ज्यांच्या हाती ती तादेओलाही डोळे मिटून सोपवायची.

२

पहिली किल्ली तिच्या वडिलांकडे. दॉन एलिहिओ आता कचेरीच्या ओसरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला कायदा सांगत. जुना कायदा त्यांना तोंडपाठ होता. कालचं जेवण मात्र आठवत नसे.

"पापा, तुम्ही कपाट उघडलंत?"

"कुठलं?"

"आतल्या खोलीतलं. मागे तुम्ही रामिरेसांचं मृत्युपत्र उचलून फ्रीजमध्ये ठेवलं होतंत, म्हणून विचारते."

"सुरक्षित होतं की नाही?"

"होतं."

"मग? शिवाय ताजंही राहिलं."

निमियाने फ्रीज पाहिला. अर्धा कांदा, चीज, तादेओचं भोपळ्याचं वाटण. परत येऊन तिने फितीचा तुकडा वडिलांच्या हातात दिला. "पापा, याची फुलगाठ मारून दाखवा ना."

त्यांनी मन लावून प्रयत्न केला. बोटं थरथरत होती, फीत निसटत होती. "तुझ्या वेण्यांना मीच बांधायचो," ते कसनुसं हसून म्हणाले. निमियाने त्यांच्या बोटांची पापी घेतली. ती फुलगाठ या हातांची नव्हती.

दुसरी किल्ली सुनिल्दाची.

"माझ्यावर संशय घेतेस, कोमाद्रे?"

"घ्यायला नको?"

"घ्यायलाच हवा! नाही घेतलास तर कसली वकील तू?" सुनिल्दा खुर्ची ओढून साक्षीदारासारखी ताठ बसली. "शनिवारी सकाळपासून काल रात्रीपर्यंत मी भाचीच्या पंधराव्या वाढदिवसाला कापियाताला. मी पोल्का नाचले त्याचा व्हिडिओ अख्ख्या तालुक्याने पाहिलाय. पाद्रीबाबांनीसुद्धा."

"आणि किल्ली?"

"जिथे ठेवते तिथे." तिने पोलक्यावर हात आपटला. "नवरा गेल्यापासून तिथे कुणाचा हात गेलेला नाही."

निमियाला हसू आवरेना. सुनिल्दा मात्र हसली नाही. ती पुढे वाकली.

"हसू नकोस. तिसऱ्या किल्लीचं बोल. आपला देर्लिस हल्ली फोन आला की अंगणात पळतो. शनिवारी त्याला माझ्या बहिणीने राजधानीकडच्या थांब्यावर पाहिलं, हातात पिशवी, अशी छातीशी धरलेली. कंपनीच्या वकिलाने, त्या रोलोनने, त्याला नोकरी देऊ केली होती हे तुला ठाऊक आहे. आणि आज सकाळी तू यायच्या आधी रोलोनचाच फोन. म्हणे, अजून वेळ गेली नाही, तडजोड करा. कापड गेल्याचं त्याला आधीच कसं कळलं?"

"रोलोन प्रत्येक तारखेच्या आदल्या दिवशी तडजोडीचा फोन करतो गं. ती त्याची प्रार्थना आहे."

"असेल. पण प्रार्थना आज ऐकली गेली ना?"

निमिया उत्तर देणार तोच दार वाजलं. कचेरीतला तरुण वकील देर्लिस कासेरेस आत आला. उशिरा आला होता. डोळे लाल, दाढी वाढलेली, आणि अंगात शुक्रवारचाच सदरा.

३

तो सरळ नळाकडे गेला. बाह्या वर करून साबणाने हात धुऊ लागला. बोटांच्या बेचक्या, नखं, मनगटं, पार कोपरापर्यंत.

"काय रे, शस्त्रक्रियेला निघालास?" निमियाने विचारलं.

तो दचकला. "सवय... म्हणजे, बसमध्ये धूळ फार."

तादेओने त्याला पाहून दोन्ही हात पसरले. देर्लिस रोज आल्याआल्या त्याला उचलून छतापर्यंत उडवायचा. तादेओच्या दिवसाची खरी सुरुवात तीच. आज देर्लिस दोन पावलं मागे सरला. "आज नको, दोक्तोरा. आज माझ्याच्याने नाही होणार." आणि तोंड फिरवून त्याने थर्मासमध्ये बर्फ भरायला घेतला.

निमियाने त्याला काजव्याचं सांगितलं. उघडी पेटी समोर होती. देर्लिसने मान डोलावली, पण पेटीत डोकावून पाहिलं नाही.

तेवढ्यात ब्लासिदाआजी आली. डोक्यावर फडक्याने झाकलेली टोपली, टोपलीत गरम चिपा, चीज घातलेले पाव. सगळी आंब्याखाली बसली. देर्लिसने तेरेरेचा शिंगाचा पेला भरून त्यात ओढायची नळी खोचली. त्यासाठी तो मघापासून पुदिना आणि लिंबाची पानं कुटत होता. पेला एकेकाकडे फिरू लागला. अशा वेळी वाईट बातमी सांगायची तर पेला समोरच्याच्या हातात असताना सांगावी, धरायला काहीतरी असतं. निमियाने तसंच केलं.

आजीने नळी तोंडातून काढली नाही. पेला रिकामा झाल्याचा घुर्रर्र आवाज येईपर्यंत ती ओढत राहिली.

"आजी, कळलं का? कापड चोरीला गेलं."

"कळलं गं. म्हातारी झाले, बहिरी नाही." तिने तोंड पुसलं. "कापडच ते. कुठेतरी पसरलेलं असेल."

"आजी, उद्या कोर्ट आहे!"

"उद्या आहे ना? मग आज कशाला घाम गाळतेस? पोराला दूध पाज, तुझं दूध आटेल." तिने पेला देर्लिसकडे दिला. "बस, कोंपाद्रे. दात गारठले माझे."

"आजी, दात आहेत कुठे गारठायला?" सुनिल्दाने टोमणा मारलाच.

"आठवणीतले गारठतात. तू म्हातारी झालीस की कळेल. म्हणजे पुढच्या आठवड्यात."

उठताना आजीने एक चिपा देर्लिसच्या खिशात कोंबली. "खाऊन घे. उभं राहायला बळ लागतं." आणि टोपली डोक्यावर घेऊन ती निघून गेली. तीन महिने ज्या कापडासाठी तिने कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या, ते गेलं हे ऐकून तिने डोळ्याला रुमाल लावला नाही, कुणाचं नाव विचारलं नाही, शिवी घातली नाही.

थोड्या वेळाने देर्लिसचा फोन वाजला. तो अंगणाच्या टोकाला पळाला. खिडकीजवळ तादेओला पाजायला बसलेल्या निमियाच्या कानावर तुटक शब्द आले.

"नाही, काढू नका... मी येईपर्यंत कुणाला हात लावू देऊ नका. उद्यापर्यंत कसंही करून..."

४

दुपार झाली. गाव झोपलं. कुत्रीसुद्धा सावली गाठून पडली. फक्त सुनिल्दा उभी होती, हाताची घडी घालून.

"ऐकलंस ना कानांनी? 'काढू नका, हात लावू देऊ नका.' लपवलंय कुठेतरी. पोलिसांना बोलाव."

"थांब जरा."

"कशाला थांबू? तू त्याला हाताला धरून शिकवलंस, म्हणून तुझं मन होत नाही. उद्या आजी कोर्टात रिकाम्या हाताने उभी राहील, तेव्हा होईल का मन? कोमाद्रे, तू बावळट आहेस!"

निमियाला त्या तशा वेळीही हसू आलं. "शिव्या देतेस त्याही कोमाद्रे म्हणून?"

"मग काय म्हणू? पोराच्या डोक्यावर पाणी पडल्यावर दुसऱ्या नावाने हाक मारली तर पाप लागतं. माझी आई तिच्या कोमाद्रेशी वीस वर्षं भांडत होती, पण..."

"सुनिल्दा, गप्प."

"आता मला गप्प करतेस?"

"गप्प गं, एक क्षण." निमिया हॅमॉकमधून उठून बसली होती. तादेओ तिच्या खांद्यावर झोपला होता, म्हणून ती कुजबुजत बोलू लागली, पण डोळे चमकत होते. "ब्लासिदाआजी देर्लिसला काय म्हणते?"

"वकीलबाळ. पहिल्या दिवसापासून. त्याला आवडत नाही, तरी."

"शुक्रवारी?"

"शुक्रवारीही. 'वकीलबाळ, माझा काजवा नीट ठेव.' माझ्यासमोरच."

"आणि आज सकाळी पेला परत देताना?"

सुनिल्दाने तोंड उघडलं. ते तसंच राहिलं.

"कोंपाद्रे म्हणाली," निमिया म्हणाली. "आपल्या कानांना कळलंच नाही. या गावात दर दुसरा माणूस कुणाचा ना कुणाचा कोंपाद्रे. पण आजीने ते मुद्दाम म्हटलं नाही, तोंडातून गेलं. तू म्हणतेस तसं, पाणी पडल्यावर दुसरं नाव जिभेवर येतच नाही. शुक्रवारी वकीलबाळ आणि सोमवारी कोंपाद्रे. म्हणजे मधल्या दोन दिवसांत कुठल्या तरी बाळाच्या डोक्यावर पाणी पडलं. त्याची धर्ममाता एक, बाप दुसरा. आता आजीला तर या वयात मूल झालं नसेल."

"देर्लिसला?" सुनिल्दा मटकन खाली बसली. "पण त्याचं लग्न कुठे..."

"लग्नाशिवाय मुलं होत नाहीत असं या कचेरीत बसून तू म्हणतेस?"

"पण रविवारी चर्चमध्ये एकच बाप्तिस्मा झाला, तो बेकरीवाल्यांचा. मी विचारलं होतं."

"चर्चमध्ये नाही. अडीनडीचा. बाळ जगेल की नाही याची खात्री नसली की पाद्री येईपर्यंत कोण थांबतं? जो असेल तो पाणी ओततो. आठव, तो हात कसे धूत होता. कोपरापर्यंत. तसे हात मी एकाच ठिकाणी धुतलेत. तादेओला कावीळ झाली होती तेव्हा, लहान बाळांच्या विभागात. दाराशी नर्स उभी राहून धुवून घेते. आणि आज त्याने तादेओला उचललं नाही."

सुनिल्दाने छातीवर क्रूसाची खूण केली. "आणि मी त्याला पोलिसात..."

"फुलगाठ कुणी मारली असेल आता सांग. चोर फुलगाठ मारत बसत नाही. ज्याला वस्तू परत आणून ठेवायची असते, तो मारतो."

निमियाने तादेओला अलगद सुनिल्दाच्या मांडीवर दिलं. देर्लिस अंगणाच्या टोकाला, पाण्याच्या टाकीला टेकून उन्हातच बसला होता. खिशातली चिपा तशीच होती. ती त्याच्याशेजारी जमिनीवर बसली. कापडाचं तिने विचारलंच नाही.

"देर्लिस, बाळ कसं आहे?"

५

तो इतका रडला की शेवटी निमियाने त्याचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. तो खांदा तसाही दुधाने ओला होता.

मुलगी होती. दोन महिने आधी आलेली, शनिवारी पहाटे. आई येनी, ब्लासिदाआजीच्याच गल्लीतली, आणि आता ज्या कंपनीविरुद्ध खटला चालू होता तिच्याच पॅकिंग विभागात कामाला. म्हणून दोघांनी सगळं झाकून ठेवलं होतं. कळलं असतं तर तिची नोकरी गेली असती, आणि विरुद्ध पक्षाशी संबंध म्हणून याच्या सनदेवर बालंट आलं असतं. निदान त्याला तसं वाटत होतं.

"डॉक्टर म्हणाले, रात्र काढणं कठीण आहे. येनी एकच म्हणत राहिली, मला काजवा हवा. माझं नाव त्याच्याखाली ठेवलं, माझ्या आईचंही. माझी पोरगी उघडी नाही जाणार." देर्लिसने नाक ओढलं. "मी आजीकडे गेलो. ती म्हणाली, किल्ली तुझ्याकडे आहे, परवानगी माझ्याकडे आहे, मग अडलंय कुठे? चल."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगणार होतो. आजच सकाळी परत आणून ठेवणार होतो. पण आजी म्हणते, अडीनडीचं पाणी घातलं की बाळ धोक्यातून बाहेर येईपर्यंत कापड काढायचं नाही, आणि कुठे बोलायचंही नाही. बोललं की मरण ऐकतं. तिच्या आईची तशी रीत होती."

ते तिघं बसने इस्पितळात गेले; निमिया, देर्लिस, आणि झोळीत तादेओ. टोपली खाली ठेवून ब्लासिदाआजी बाकावर बसली होती. तिने निमियाला पाहिलं आणि सुस्कारा सोडला.

"कळलं तुला. मला वाटलंच. तुझी आईही अशीच नाक खुपसायची. देवमाणूस होती."

तादेओला आजीकडे देऊन निमियाने हात धुतले, कोपरापर्यंत, आणि काचेजवळ गेली. बाळाला उबेत ठेवलेल्या काचेच्या पेटीवर काजव्याचं कापड पसरलेलं होतं. नर्सही उजेड अडवायला काचेच्या पेटीवर काहीतरी घालतेच, म्हणून तिने हरकत घेतली नव्हती. पण न्यांदुती कुठला उजेड अडवणार? तो जाळीतून गळून आत उतरला होता, ठिपक्याठिपक्यांनी. आंब्याच्या कोयीएवढ्या चेहऱ्यावर, काडीसारख्या हातावर तो सांडला होता. बाळ श्वास घेई तेव्हा ते ठिपके हलत.

निमियाचं दूध वाहू लागलं. आपलं नव्हे, दुसऱ्याचं लेकरू पाहून.

ती बाहेर येऊन आजीशेजारी बसली. तादेओला मांडीवर घेतलं.

"आजी, उद्या कापड टेबलावर नसेल तर बंदी कायम होईल. तुमची, आणि गल्लीतल्या सगळ्यांची."

"ठाऊक आहे."

"एक तासासाठी काढलं तर..."

"तू काढशील?"

निमियाने काचेकडे पाहिलं.

"मग? मीही नाही काढणार." आजीने आपली बोटं मांडीवर पसरली, सांधे सुजलेले, टोकं अजून चपळ. "गल्लीला मी सांगेन. शिव्या घालतील, घालू देत. आई मला म्हणायची, नक्षी विकून पोट भर, पण नक्षी पोटापेक्षा मोठी. आता ती मेली म्हणून मी तिचं ऐकायचं नाही?" मग तिने बोटं मिटून घेतली. "फक्त एवढंच वाटतं गं. माझ्यानंतर कुणी काजवा विणला तर तो त्या कंपनीचा म्हणवला जाईल. आईचं नाव जाईल."

६

संध्याकाळी कचेरीच्या ओसरीवर दॉन एलिहिओ बसले होते.

"काय झालं, बाळ? तोंड का उतरलं?"

निमियाने सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं, हळहळले. तादेओला गुडघ्यावर घोडाघोडा खेळवलं. मग पुन्हा विचारलं, "काय झालं, बाळ?" तिने पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना तिला रडू आलं, म्हणून तिने थोडक्यात आवरलं.

"कापड इस्पितळात आहे पापा, आणि ते हलवता येत नाही. उद्या कोर्टात नेता येणार नाही. संपलं."

"का संपलं?" म्हातारा चिडला. वकिली चिडणं, जुनं. "ओर्तेगांच्या विहिरीचा खटला मी लढलो, तेव्हा काय विहीर उपटून कोर्टात नेली होती? अर्ज कर! वस्तू येत नसेल तर कोर्टाने वस्तूपाशी जावं. न्यायाधीशाला पाय दिलेत देवाने."

निमिया अर्जासाठी कागद शोधू लागली.

"ओर्तेगांची विहीर," ते समाधानाने म्हणाले. "गोड पाणी. आपण जेवलो का गं?"

अर्ज लिहिताना तिने देर्लिसला समोर बसवलं. "सगळं आपणच आधी सांगायचं. मालकिणीच्या परवानगीने कापड कचेरीतून नेलं, आणि ज्या बाळावर ते आहे त्याची आई कंपनीत कामाला आहे. हे दडवलं तर रोलोन उद्या आपली चामडी सोलेल. तू या खटल्यातून बाजूला हो. येनीला त्यांनी काढलं तर तो खटला मी फुकट लढेन, आणि मजा येईल."

"आणि बापाचं नाव?"

"ते मी लिहिणार नाही. ते सांगणं माझं काम नाही, देर्लिस."

७

दुसऱ्या दिवशी कोर्टात रोलोनने अर्जावर हरकत घेतली, आणि ती बिनतोड होती. कापड तीन दिवस कुणाच्या हाती होतं? त्यात फेरफार झाला नसेल कशावरून? न्यायाधीश वियाल्बा यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"दोक्तोर रोलोन, साठ वर्षांचं सूत तीन दिवसांत तयार करता येत असेल, तर तज्ज्ञ बाई ते ओळखतील. नसेल तर तुम्हाला भीती कसली? चला."

कोर्टाच्या गाडीत पेट्रोल नव्हतं, म्हणून सगळे रोलोनच्याच मोठ्या गाडीत कोंबून निघाले. न्यायाधीश पुढे, मागे तज्ज्ञ बाई, कारकून, निमिया आणि ब्लासिदाआजी. वाटेत आजीने चिपा वाटली. रोलोननेही घेतली, सकाळपासून तो उपाशी होता.

नर्सने दारातच सगळ्यांना अडवलं. "हात. कोपरापर्यंत. कोर्ट असो नाहीतर पोप असो. आणि आवाज खाली."

न्यायालय त्या दिवशी कुजबुजत भरलं. येनी भिंतीला धरून उभी होती, शेजारी देर्लिस. तज्ज्ञ बाईंना कापड उचलून हवं होतं. त्यांनी हात पुढे केला, आतल्या बाळाकडे पाहिलं, आणि हात मागे घेतला. मग त्या गुडघ्यांवर बसल्या, भिंग डोळ्याला लावलं, आणि काचेवर कुठे श्वासही पडू न देता एकेक काजवा पाहत पेटीभोवती सरकत गेल्या. ब्लासिदाआजीने निमियाचा हात धरला होता. इतका घट्ट, की निमियाला तिच्या बोटांतली सगळी वर्षं जाणवली.

"हातचरख्याचं सूत," तज्ज्ञ बाई शेवटी कुजबुजल्या. "असं सूत या भागात कुणी कातत नाही त्याला आता पन्नास वर्षं तरी झाली असतील. वीण मुळातली आहे, मागाहून घातलेली नाही. एकही धागा नवा नाही."

"माझी हरकत..." रोलोनचा आवाज चढला.

"शूऽऽ!" नर्स.

"माझी हरकत आहे," रोलोन पुटपुटला. मग त्याचं लक्ष पेटीत गेलं. बाळाने मूठ उघडली होती, आणि तळव्यावर उजेडाचा एक ठिपका येऊन बसला होता. रोलोन त्या ठिपक्याकडे वाकला. "नोंदवून ठेवा. एवढंच."

"नोंदवली," न्यायाधीश म्हणाले. "ही नक्षी काढली गेली तेव्हा कंपनीचा जन्मही झाला नव्हता. मनाई हुकूम मी इथेच उठवतो. नोंदणी रद्द करण्याचा निकाल लेखी देईन. दोन्या ब्लासिदा, घरी जा आणि विणायला बसा."

आजी पुढे वाकली. तिने निमियाचा हात सोडला, आणि कापडाच्या लोंबत्या कडेला, आईने जिथे शेवटचा टाका घातला होता तिथे, दोन बोटं टेकवली.

कारकून लेखणी सरसावून उभा होता. त्याला पंचनामा पुरा करायचा होता. "साहेब," तो हळूच म्हणाला, "वस्तू सध्या कुणाच्या ताब्यात आहे म्हणून लिहू?"

न्यायाधीशांनी एकेकाकडे पाहिलं. मग काचेकडे.

"बाळाच्या. नाव विचारा."

"रामोना," ब्लासिदाआजी म्हणाली. "मीच ठेवलं. पाणी ओतताना."

"रामोना," कारकून लिहू लागला. तिचं नाव अजून कुठेच लिहिलेलं नव्हतं. जगेल की नाही याची खात्री नव्हती, म्हणून नोंदणीच्या कचेरीत कुणी गेलंच नव्हतं. कारकुनाने मान वर केली. "आडनाव?"

येनीने खाली पाहिलं. निमियाने काचेवरची नजर हलवली नाही. रोलोन समोर उभा होता, कोर्ट समोर उभं होतं. बाळांची यंत्रं तेवढी टिकटिकत होती.

"कासेरेस," देर्लिस म्हणाला. कुजबुजून नव्हे, भर आवाजात. "माझी मुलगी आहे."

नर्सने ओठांवर बोट नेलं, पण या खेपेला ती शूऽ म्हणाली नाही.